मेंदूंतील रक्ताचा प्रवाह आणि स्वमग्न मूल

माणसाच्या मेंदूचें वजन सर्व शरीराच्या वजनाच्या शेंकडा २ इतकेंच असतें. परंतु मनुष्य स्वस्थ पडला असतां त्याचें शरीर जितका प्राणवायु वापरतें, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा हा एकटा अवयव खर्च करितो. इतका खर्चिक असूनहि तो आपल्याजवळ शिल्लक फारशी ठेवीत नाहीं. रोजचा शिधा रोज आणून चूल पेटविणाऱ्या घराप्रमाणें त्याचें सारें रक्ताच्या ताज्या पुरवठ्यावर चालतें. तो पुरवठा दहा-पंधरा सेकंद खंडला तरी माणसाची शुद्ध हरपते. मेंदूचा जो भाग कामास लागतो त्याकडे रक्त अधिक धांवतें, आणि ह्या एका गोष्टीच्या आधारें कवटी न उघडतां आंतील व्यापार पाहण्याची विद्या गेल्या दीडशें वर्षांत उभी राहिली आहे.

प्रपंचांतील माणसांचा ह्या विद्येशीं संबंध येतो तो बहुधा चिंतेच्या वेळीं. घरांतील तीन वर्षांचें मूल हांक मारली असतां वळून पाहत नाहीं, बोट दाखवून वस्तु मागत नाहीं, पंख्याच्या फिरत्या पात्यांकडे एकटक पाहत राहतें, आणि शिकलेले चार शब्दहि बोलेनासें होतें. नागपूरपासून वीसेक किलोमीटरांवर, कोळशाच्या खाणींच्या मुलखांत, कन्हान हें गांव आहे. तेथून काय किंवा विदर्भांतील दुसऱ्या एखाद्या गांवाहून काय, असें मूल घेऊन आईबाप शहरांतील डॉक्टरांकडे येतात, तेव्हां त्यांची मागणी साधी असते: एकदां डोक्याचा फोटो काढून पाहावा. मुलाला 'ऑटिझम', म्हणजे मराठींत 'स्वमग्नता', आहे असें डॉक्टर सांगतात. परंतु एवढ्यासाठीं फोटो काढण्याचें कारण नाहीं, असेंहि बजावतात. आईबापांना हें चमत्कारिक वाटतें. ज्या अवस्थेचें मूळ मेंदूच्या घडणींत आहे, तिचें निदान मेंदू न पाहतां कसें होतें? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर त्या विद्येच्या इतिहासांतच सांपडतें.

ह्या इतिहासाचा प्रारंभ इटलींतील तुरिन शहरीं झाला. तेथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत बेर्तिनो नांवाच्या एका शेतकऱ्याची परीक्षा केली. अपघातांत बेर्तिनोच्या कवटीचें हाड फुटून तेथें पोकळी राहिली होती, व तिच्यावाटे मेंदूचें स्पंदन बाहेरून नोंदतां येत असे. दुपारीं बाराला चर्चची घंटा झाली, आणि कागदावरील रेघ एकदम उंचावली. हाताच्या नाडींत मात्र तसा फरक नव्हता. 'घंटेनें प्रार्थनेची आठवण झाली काय?' असें मोस्सोनें विचारतांच रेघ पुन्हां उंचावली. मनांत विचार येतो आणि मेंदूंतील रक्त हलतें, ह्याचें हें पहिलें लेखी प्रमाण म्हणावें लागेल. पुढें मोस्सोनें माणूस निजवून तोलण्याचा एक मोठा तराजू बनविला. विचार करूं लागतांच डोक्याकडील बाजू खालीं झुकते, असें त्याचें म्हणणें होतें. तराजू ओबडधोबड होता. पण प्रश्न बरोबर होता.

१८९० सालीं केंब्रिज येथें रॉय आणि शेरिंग्टन ह्या दोघांनीं त्या प्रश्नाला शास्त्राची भाषा दिली. मेंदूच्या भागाचें काम वाढलें कीं तेथील रक्तवाहिन्या आपोआप रुंदावतात, आणि कामांतून निघणारीं द्रव्येंच त्यांना तशी सूचना देतात, असें त्यांनीं मांडलें. त्यावर बराच काळ कोणी विश्वास ठेविला नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंत जॉन फुल्टन ह्यानें एका खलाशाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या डोक्याच्या मागील बाजूस, जेथें दृष्टीचें केंद्र असतें तेथें, रक्तवाहिन्यांचा गुंता झालेला होता, आणि कवटीवर नळी ठेवली असतां रक्ताचा घोंघाट ऐकूं येई. खलाशी वर्तमानपत्र वाचूं लागला म्हणजे तो घोंघाट वाढे. वास घेण्यानें किंवा ऐकण्यानें तसें होत नसे. डोळ्यांचें काम त्याच्या डोक्यांत अक्षरशः ऐकूं येत होतें.

पुढची पायरी मापाची होती. सीमोर केटी आणि कार्ल श्मिट ह्यांनीं १९४५ नंतरच्या वर्षांत फिलाडेल्फिया येथें हास्यवायु अल्प प्रमाणांत हुंगवून सबंध मेंदूंतून दर मिनिटास किती रक्त वाहतें तें मोजलें. मेंदूच्या दर १०० ग्रॅमांमागें तें सुमारें ५० मिलिलिटर भरलें. १९५५ सालीं ह्याच रीतीनें एक कसोटी घेण्यांत आली. तरुणांना अंकगणिताचे हिशेब मनांतल्या मनांत करावयास देऊन माप घेतलें, आणि निष्कर्ष सर्वांना बुचकळ्यांत टाकणारा निघाला. हिशेब चालले असतां एकूण प्रवाहांत वाढ झालीच नाहीं!

ह्याचा उलगडा कन्हानच्या उदाहरणानें चांगला होतो. नागपूर शहराच्या मोठ्या भागास लागणारें पाणी कन्हान नदीवरून उपसून, शुद्ध करून, नळांनीं पोंचविण्यांत येतें. नदीकांठीं बसून एकूण किती पाणी गेलें एवढेंच मोजणाऱ्यास शहरांतील एखाद्या गल्लींत लग्नकार्य आहे, हें कळणार नाहीं. तें कळण्यास त्या गल्लीच्या नळावर मीटर बसविला पाहिजे. आणि तसा बसविला तरीहि मांडवांत कोण कोणाशीं काय बोललें, हें पाण्याच्या मापावरून सांगतां येणार नाहीं. मेंदूच्या चित्रांचें सारें सामर्थ्य आणि सारी मर्यादा ह्या दोन वाक्यांत आली.

गल्लीचा मीटर प्रथम बसविला तो स्कँडिनेव्हियांत. नील्स लासेन आणि डेव्हिड इंग्वार ह्यांनीं १९६० च्या दशकांत किरणोत्सर्गी वायु रक्तांत सोडून मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे प्रवाह वेगळे मोजले. १९७० च्या दशकांत पेट स्कॅनचें यंत्र आलें. १९८८ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईस येथें पीटर फॉक्स आणि मार्कस रेकल ह्यांनीं त्या यंत्रानें एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. डोळ्यांपुढें चित्र धरलें असतां दृष्टिकेंद्राकडील रक्त जवळजवळ शेंकडा ५० नीं वाढतें. परंतु प्राणवायूचा खर्च मात्र शेंकडा ५ नींच वाढतो. अर्थात्‌ पुरवठा गरजेपेक्षां कितीतरी अधिक होतो, आणि काम करणाऱ्या भागांतून परत जाणाऱ्या रक्तांत प्राणवायु नेहमींपेक्षां जास्त शिल्लक राहतो. आतां रक्तांतील तांबड्या द्रव्यांत प्राणवायु असतांना त्याचा चुंबकीय गुण एक असतो व तो निघून गेल्यावर दुसरा, हें लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोर्येल ह्यांनीं १९३६ सालींच दाखविलें होतें. ह्या फरकाचा उपयोग करून सेजी ओगावा ह्या जपानी शास्त्रज्ञानें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९९० सालीं उंदराच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं. १९९२ पर्यंत तीच रीत माणसांवर यशस्वी झाली. सुई नाहीं, किरणोत्सर्ग नाहीं. केवळ एमआरआयचें मोठें चुंबक. त्यामुळें हें परीक्षण लहान मुलांवरहि करतां येऊं लागलें.

इकडे स्वमग्नतेचा इतिहास निराळ्या वाटेनें चालला होता. 'ऑटिझम' हा शब्द स्विस वैद्य ऑइगेन ब्लॉइलर ह्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं योजिला, तो एका वेगळ्या मनोविकाराच्या वर्णनासाठीं. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील लिओ कॅनर ह्यानें ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध करून ही अवस्था स्वतंत्र म्हणून मांडली, आणि ती जन्मजात असावी असें लिहिलें. पुढच्याच सालीं व्हिएन्ना येथें हान्स आस्पर्गर ह्यानें तशाच मुलांविषयीं लिहिलें. रशियांतील ग्रुन्या सुखारेव्हा ह्या विदुषीनें तर १९२५ सालींच अशा मुलग्यांचीं वर्णनें दिलीं होतीं. पण त्यांकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें.

ह्यानंतर जें घडलें तें वैद्यकाच्या इतिहासांतील एक दुःखद प्रकरण आहे. मूल आईकडे पाहत नाहीं, ह्याचें कारण आईच मायेनें कोरडी असली पाहिजे, असा तर्क निघाला. कॅनरनें स्वतः १९४९ सालीं आईबापांच्या थंड वागणुकीस शीतकपाटाची उपमा दिली. ब्रूनो बेटलहाइम ह्यानें १९६७ सालीं एक ग्रंथ लिहून त्या समजुतीला मोठी प्रसिद्धि दिली. शेंकडों मातांनीं आपल्या मुलाच्या अवस्थेचा दोष स्वतःकडे घेऊन वर्षें काढलीं. आपल्याकडे ते ग्रंथ कोणी वाचले नसतील; पण मुलांत कांहीं उणें दिसलें कीं बोल आईला लावावयाचा, ही रीत शिकविण्यास परदेशी ग्रंथांची गरज कधींच नव्हती. ह्या समजुतीवर पहिला मोठा आघात केला तो बर्नार्ड रिमलँड ह्यानें. तो मानसशास्त्रज्ञ होता आणि एका स्वमग्न मुलाचा बापहि होता. हें दुखणें मेंदूच्या घडणीचें आहे, असें त्यानें १९६४ सालीं पुराव्यानिशीं प्रतिपादिलें. १९७७ सालीं सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर ह्यांनीं इंग्लंडांतील जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्ही मुलें स्वमग्न होतीं. भिन्नरूप जुळ्यांच्या १० जोड्यांत एकहि नाहीं. एका घरांत, एका आईच्या हाताखालीं वाढलेल्या जुळ्यांत हा भेद दिसल्यावर आईवरील आरोप टिकणें कठीण झालें.

ह्या टप्प्यावर दोन्ही इतिहास एकत्र आले. मूळ मेंदूंत आहे तर तें मेंदूंत दिसलें पाहिजे, अशी अपेक्षा साहजिकच होती. १९८५ सालीं अमेरिकेंत ज्यूडिथ रम्सी आणि तिच्या सहकाऱ्यांनीं १० स्वमग्न पुरुष आणि १५ इतर पुरुष ह्यांचे पेट स्कॅन ताडून पाहिले. स्वमग्न पुरुषांच्या मेंदूंत साखरेचा खर्च एकंदरींत अधिक दिसला; पण दोन्ही गटांचे आंकडे एकमेकांत मिसळत होते. १९९२ सालीं फ्रान्समध्यें मोनिका झिल्बोविसियस आणि तिचे सहकारी ह्यांनीं २१ मुलांचा रक्तप्रवाह मोजला, तेव्हां कांहींच वेगळें आढळलें नाहीं. त्याच संशोधकांनीं अधिक सूक्ष्म यंत्रानें २००० सालीं पुन्हां २१ मुलें तपासलीं; तेव्हां कानांच्या बाजूंकडील भागांत, जेथें आवाज आणि माणसांचे हावभाव ह्यांचा अर्थ लागतो, तेथें दोन्हीकडे रक्तप्रवाह कमी आढळला. त्याच वर्षीं जपानांतूनहि तशा धर्तीचे निष्कर्ष आले. एकंदरींत यंत्र सुधारलें तसें उत्तर बदलत गेलें.

चेहऱ्यांविषयींची हकीकत ह्याहून बोधप्रद आहे. चेहरे ओळखतांना मेंदूच्या खालच्या बाजूचा एक ठराविक भाग रक्तानें उजळतो. २००० सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं स्वमग्न व्यक्तींत तो उजळत नाहीं असें दाखविलें, आणि तो भागच बिघडलेला असावा असें अनेकांस वाटलें. २००४ सालीं कॅरन पिअर्स हिनें परक्या चेहऱ्यांबरोबर आई, मित्र अशा ओळखीच्या माणसांचेहि चेहरे दाखविले. तेव्हां तोच भाग उजळला. पुढच्या वर्षीं विस्कॉन्सिन येथील किम डाल्टन हिनें चित्र पाहणाऱ्याची नजर नेमकी कोठें आहे तीहि मोजली. जितका वेळ डोळ्यांकडे पाहिलें, तितका तो भाग अधिक उजळे. म्हणजे मीटर बिघडलेला नव्हता. नळच उघडला गेला नव्हता. मूल डोळ्यांकडे पाहणें टाळीत होतें, कारण तें पाहणें त्याला सोसवत नसावें. एकाच चित्राचे दोन अर्थ निघाले, आणि दुसरा अर्थ कळला तो मुलाचें वागणें जवळून पाहिलें म्हणून.

२०१२ सालीं ह्या शास्त्राला आणखी एक धडा मिळाला. एमआरआयच्या बोगद्यांत डोकें तिळभरहि न हालवितां पडून राहावें लागतें, आणि यंत्राचा ठणठणाट मोठा असतो. लहान मुलांस, त्यांतहि आवाज न सोसणाऱ्या स्वमग्न मुलांस, हें किती अवघड! २००४ पासून अशी कल्पना जोर धरीत होती कीं स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंत दूरदूरच्या भागांचें परस्परांशीं संधान कमी असतें. आतां सेंट लुईस येथील जोनाथन पॉवर आणि त्याचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं डोक्याच्या अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीनेंहि दूरचें संधान कमी व जवळचें अधिक असल्याचा आभास उत्पन्न होतो. तेव्हां कित्येक निष्कर्षांत मेंदूचा भाग किती आणि मुलाच्या चुळबुळीचा किती, हें नव्यानें तपासावें लागलें. त्याखेरीज जीं मुलें बोलत नाहींत व क्षणभरहि स्थिर राहत नाहींत, तीं ह्या प्रयोगांतून बहुधा वगळलींच जातात. आणि काळजी तर त्यांचीच अधिक असते.

भारतांतहि ह्या क्षेत्रांत मोलाचें काम झालें आहे. हरियाणांतील मानेसर येथें राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तेथें मेघा शारदा, नंदिनी चटर्जी सिंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं स्वमग्न मुलांना कांहीं शब्द बोलून आणि कांहीं गाऊन ऐकविले, व त्या वेळीं मेंदूच्या रक्तप्रवाहाची नोंद घेतली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें बोललेले शब्द ऐकतांना मेंदूचा पुढचा भाग आणि कानांलगतचा भाग ह्यांचें संधान क्षीण होतें. पण गायिलेले शब्द ऐकतांना तें शाबूत होतें. हांकेला न वळणारें मूल अंगाईला थबकतें, असें ज्या आयांनीं पाहिलें आहे, त्यांना हें वाचून नवल वाटणार नाहीं.

मग निदानाचें काय? २०१२ सालीं अनेक देशांतील प्रयोगशाळांनीं मिळून ५३९ स्वमग्न आणि ५७३ इतर व्यक्तींचीं चित्रें एकत्र करून सर्वांस खुलीं केलीं. त्यांतून गटागटांतील सरासरीचे फरक निघाले. परंतु सरासरी ही गटाची असते, मुलाची नव्हे. कामठी आणि रामटेक येथील माणसांच्या सरासरी उंचींत एका बोटाचा फरक आहे असें घटकाभर धरलें, तरी रस्त्यांत भेटलेल्या एकट्या माणसाची उंची पाहून तो कोणत्या गांवचा तें सांगतां येत नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेंत सहा महिन्यांच्या ५९ बालकांचीं, तीं झोंपेंत असतांना, चित्रें घेण्यांत आलीं. त्या सर्वांचें एक मोठें भावंड स्वमग्न होतें. पुढें ११ बालकें स्वमग्न निघालीं, व त्यांपैकीं ९ ह्या चित्रांवरून ओळखतां आलीं. उरलेल्या ४८ पैकीं एकावरहि चुकीचा शिक्का बसला नाहीं. ही मोठी आशेची गोष्ट आहे. तथापि थोड्या निवडक बालकांवरून काढलेला नियम सरसकट सर्वांस लागूं करण्याइतका पक्का ठरलेला नाहीं.

म्हणून निदान होतें तें मुलाला खेळतांना, बोलतांना, वागतांना पाहून आणि आईबापांची हकीकत ऐकून. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१७ सालीं काढलेलें एकमतपत्रकहि हेंच सांगतें. झटके येत असतील किंवा मज्जासंस्थेच्या दुसऱ्या विकाराची शंका असेल, तर डॉक्टर एमआरआय अवश्य करवितात. तो त्या विकाराच्या शोधासाठीं. दाखल्यासाठीं सरकारनें मान्य केलेली भारतीय मापनश्रेणीहि ४० प्रश्नांचीच आहे. तिला चित्र लागत नाहीं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्वमग्नतेचा अंतर्भाव केला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें तिला २१ दिव्यांगतांत स्थान दिलें. जेथें मूलपेशींचे महागडे उपचार सुचविण्यांत येतात आणि उपचारापूर्वीचें व नंतरचें अशीं रंगीत चित्रें पुढें ठेवण्यांत येतात, तेथें आईबापांनीं सावध राहिलें पाहिजे. चित्रांतील तांबडा-निळा रंग हा मेंदूचा रंग नव्हे. तो आंकड्यांना दिलेला असतो. स्वमग्नतेवर हे उपचार करूं नयेत, असें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे.

मदत मात्र चित्रावांचूनहि मिळूं शकते, आणि त्याचा दाखला शेजारच्या गोव्यांत आहे. तेथील 'संगात' ह्या संस्थेनें इंग्लंड व पाकिस्तान येथील सहकाऱ्यांसह गोवें आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांवर एक पद्धति अजमावली. तज्ज्ञ नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनीं घरीं जाऊन, आईबाप मुलाशीं खेळत असतांना त्यांचें चलच्चित्र घेतलें, आणि मूल कोणत्या क्षणीं संवाद साधूं पाहतें तें त्यांनाच दाखविलें. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें आईबापांचें मुलाशीं सूर जुळवून घेणें स्पष्टपणें वाढलें, आणि मुलेंहि आपण होऊन अधिक संवाद करूं लागलीं. ह्याला चुंबक लागलें नाहीं. चारदोन खेळणीं, थोडा वेळ आणि शिकविलेली नजर एवढें पुरलें.

बेर्तिनोच्या घंटेपासून आजच्या यंत्रांपर्यंतच्या ह्या शोधानें घराघरांतील मातांचें ऋण थोडेंबहुत फेडलें आहे. स्वमग्नता मेंदूच्या घडणींत असते, आईच्या मायेंत नव्हे, हें जुळ्यांच्या अभ्यासानें सांगितलें आणि मेंदूच्या चित्रांनीं त्याला दुजोरा दिला. एका विशिष्ट मुलाचा स्वभाव, त्याची भीति, त्याचा आनंद हें सांगण्याचें काम मात्र त्या चित्रांनीं अद्याप हातीं घेतलेलें नाहीं. तें काम आईबापांच्या, शिक्षकांच्या आणि डॉक्टरांच्या जागत्या डोळ्यांचें आहे. आणि मूल दोन-अडीच वर्षांचें असतांनाच, कोणावर दोष न ठेवतां, तें सुरू झालें तर त्याचें चीज होतें.